वाशीच्या गच्चीवरची सहा इंची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. जुनी म्हणजे किती, तर माझ्या नळीत सध्या एक पाल सहकुटुंब राहते आणि मी जरा हलले तर मलाच चुकचुकून दाखवते. वाशीतल्या एका तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, न्हाणीघरावरच्या माळ्यावर माझा मुक्काम आहे. माझ्या एका बाजूला गणपतीचं मखर आहे आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेला टेबलफॅन. मखराला वर्षातून एकदा खाली उतरवतात. आम्हा दोघांना नाही.

जन्माने मी खिडकी. एका मालवाहू जहाजाच्या कडेला गोल, जाड, सहा इंच रुंद काच बसवलेली होती, तीच मी. मी जगातले सगळे समुद्र पाहिले आहेत, पण फक्त उजव्या बाजूचे. पुढे जहाज म्हातारं झालं, मुंबईच्या दारूखाना नावाच्या धक्क्यावर मोडीत निघालं, आणि मी व माझ्यासारखीच आणखी एक काच भंगारवाल्याच्या टोपलीत येऊन पडलो. तिथून आम्हा दोघींना नंदकुमारने उचललं. त्याने आम्हाला उन्हात धरलं, नखाने टिचकी मारली आणि असा हसला, की भंगारवाल्याला आपण फसलो असं वाटलं.

नंदकुमार तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होता. वडील लहानपणीच गेलेले. घरात तो आणि आई, यशोदाबाई. दोघं गिरगावातून वाशीला आले तेव्हा वाशीत इमारती होत्या, रस्ते होते आणि रस्त्यांवर दिव्यांचे खांबही होते. दिवे तेवढे लागायचे होते. अख्खी वसाहत त्यावर अर्ज लिहीत होती. एकटा नंदकुमार खूश होता. गिरगावात त्याला आकाशाची एक पट्टी दिसायची, तीही वाळत घातलेल्या धोतरांमधून. इथे गच्चीवर गेलं की सबंध आकाश, न घडी घातलेलं.

त्याला दुर्बीण हवी होती आणि विकत मिळण्यातली नव्हती. मग त्याने ती घरात घासायची ठरवली. हो मित्रांनो, दुर्बिणीचा आरसा घासावा लागतो. एक काच पिंपावर घट्ट बसवायची, दुसरी हातात धरायची, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची काळी पावडर टाकायची. मग पुढे-मागे घासायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायचं, असं पिंपाभोवती फिरत राहायचं. होता होता वरच्या काचेला खळगा पडतो आणि खालचीला पोट सुटतं. वरची काच मी होते. खालचीबद्दल मी जास्त बोलत नाही.

अकरा महिने नंदकुमार रोज संध्याकाळी पिंपाभोवती फिरला. समोरच्या ब्लॉकमधल्या स्मितावहिनी दार उघडं दिसलं की थबकायच्या. एक दिवस त्यांनी हळूच विचारलं, "यशोदाबाई, कितवी चालू आहे?"

"कितवी काय?"

"प्रदक्षिणा हो. लाखाच्या बोललाय की सव्वा लाखाच्या?"

"अहो, देव नाही तो. पिंप आहे."

"असं बोलू नये," स्मितावहिनी म्हणाल्या आणि पिंपाला नमस्कार करून गेल्या. दुसऱ्या दिवशी पिंपावर जास्वंदीचं फूल होतं. चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि त्यानंतर नारळ आला.

यशोदाबाई रोज शेजारी पाट घेऊन बसायच्या. पाणी संपलं की तांब्या पुढे करायच्या. अकरा महिने त्यांनी एकच गोष्ट पाहिली: पावडर, पाणी आणि घासणं. जितकं घासावं तितकी मी चकाकत गेले. शेवटी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत माझ्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवला. केसापेक्षा शेकडो पट पातळ. खिडकीचा आरसा झाला. मला पत्र्याच्या नळीच्या तळाशी मागून तीन स्क्रूंनी बसवलं आणि मी दुर्बीण झाले.

माझं स्टँड दिलं कमळाकरने. तो वाशी गावातला, मूळचा शेतकरी. जमीन नव्या शहरात गेली, बैल विकले, गाडी नुसती अंगणात उभी. तिचा लोखंडी आस त्याने खांद्यावरून आणला आणि गच्चीवर ठेवला.

"घे नंदूशेठ. जमीन तर गेली. आता वरची तरी बघून ठेव. ती कोन संपादन करनार हाय?"

अशी मी बैलगाडीच्या आसावर उभी राहिले. पहिल्या संध्याकाळी इमारतीतल्या सगळ्यांनी माझ्यातून शनी पाहिला. कडं बघून प्रत्येक जण आधी माझ्या तोंडाशी जाऊन आत चित्र तर चिकटवलेलं नाही ना, हे बघून आला. खरं दिसलं की माणसांना पहिली शंका फसवणुकीची येते.

पण नंदकुमारला मला नुसतं दाखवायच्या कामाला ठेवायचं नव्हतं. चंद्र आकाशातून सरकताना वाटेतल्या ताऱ्यांना झाकत जातो. एखादा तारा नेमका कोणत्या क्षणी चंद्राआड गेला, हे वेगवेगळ्या गावांतून मोजलं तर चंद्राची चाल कळते. परदेशात एक संस्था होती, ती जगभरच्या लहान दुर्बिणींकडून अशा वेळा गोळा करायची. नंदकुमार माझ्या नेत्रिकेला डोळा लावून बसायचा. यशोदाबाई शेजारी चटईवर, पुढ्यात रेडिओ आणि हातात स्टॉपवॉच. रेडिओच्या टोल्यांवर घड्याळ लावायचं, आणि तारा चंद्राआड गेला की नंदकुमार ओरडायचा, "गेला!" त्या क्षणी यशोदाबाई बटण दाबायच्या. त्यांचा अंगठा कधी चुकला नाही. कुकरच्या शिट्ट्यांवर वीस वर्षं लक्ष ठेवलेला अंगठा होता तो.

पहिल्या दिवशी "गेला!" ऐकून खालून पाच जण धावत वर आले. एकाने येता येता डॉक्टरांकडे माणूस पिटाळला होता. स्मितावहिनींनी यशोदाबाईंना मिठी मारली आणि विचारलं, "कोण गेलं हो?"

"कर्केतला एक तारा," यशोदाबाई म्हणाल्या. "येईल परत पाऊण तासात."

यशोदाबाई या सगळ्याला 'आमचं काम' म्हणायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "नंदू, डोंगरावर म्हणे मोठमोठ्या दुर्बिणी आहेत. त्या का नाही बघत हे?"

"त्यांच्यापुढे रांग असते, आई. मोठ्या शास्त्रज्ञालाही वर्षातून दोन-चार रात्री मिळतात. रोज उठून एकाच ठिकाणी बघत बसायला कुणीतरी रिकामटेकडं लागतं."

"मग तू आहेसच."

"मी एकटा पुरत नाही ना. शंभर पाहिजेत. प्रत्येक शाळेत एक. मोठी दुर्बीण डोंगरावरून हलत नाही आणि तारा झाकला की पडणारी सावली नेमकी तिच्यावरून जातेच असं नाही. पुढे खूप काम लहान दुर्बिणींनाच करावं लागणार आहे, बघ तू."

यशोदाबाईंनी माझ्या नळीवरून हात फिरवला. त्या दिवशी मला माझी उंची चार इंचांनी वाढल्यासारखी वाटली. तसं काही झालं नव्हतं. कमळाकरने आसाखाली वीट सरकवली होती.

मग एकोणीसशे ऐंशी साल उजाडलं आणि वैजयंतीबाई आल्या. त्या मुंबईच्या एका कॉलेजात खगोलशास्त्र शिकवायच्या. मोजकं बोलायच्या. चहा पूर्ण प्यायच्या, बिस्कीट अर्धं ठेवायच्या. त्यांनी नंदकुमारच्या वह्या चाळल्या आणि गच्चीवर येऊन मला वाकून पाहिलं.

त्यांचं काम असं होतं. चोवीस फेब्रुवारीला, रविवारी, रात्री आठ वाजून बारा मिनिटांनी, एक लघुग्रह एका अंधुक ताऱ्यासमोरून जाणार होता. लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा दगड. इतका लांब, की मोठ्या दुर्बिणीतही तो नुसता ठिपका दिसतो. पण तो ताऱ्याला झाकतो तेव्हा त्याची सावली पृथ्वीवरून धावते, आणि ती नवी मुंबईवरून जाणार होती. दिघ्यापासून तळोज्यापर्यंत पाच ठिकाणी पाच लहान दुर्बिणी ठेवायच्या. प्रत्येकीने तारा किती सेकंद नाहीसा झाला ते मोजायचं. पाच आकडे जोडले की त्या दगडाची रुंदी आणि आकार मिळतो. वाशीची दुर्बीण मधली. म्हणजे मी.

"वाशीची वेळ नीट आली," वैजयंतीबाई म्हणाल्या, "तर घरी केलेली दुर्बीण खरं काम करते हे मला दाखवता येईल. मग वसाहतीच्या कार्यालयात मी स्वतः प्रस्ताव देईन. इथल्या दहा शाळांत दहा दुर्बिणी. मुलांनीच घासायच्या. तुम्ही शिकवाल?"

नंदकुमारने मान हलवली. बाई गेल्यावर तो गच्चीवर आला आणि बराच वेळ माझ्याभोवती फिरत राहिला. सवय होती ती.

त्या रविवारच्या आठ दिवस आधी, शनिवारी, सूर्यग्रहण होतं. तुमच्या आईबाबांना विचारा, त्या दुपारी मुंबई कशी झाली होती ते. रस्ते ओस. सगळे दारंखिडक्या लावून घरात. लोक बाहेर पडू नयेत म्हणून टीव्हीवर मुद्दाम सिनेमा लावलेला. आमची सगळी इमारत तळमजल्यावरच्या टीव्हीसमोर बसून दुसऱ्याच कुणाचं दुःख बघत होती. कमळाकर गच्चीवर येतो म्हणाला होता, पण त्याच्या म्हातारीने बाहेरून कडी घातली. यशोदाबाईंनी पाण्याच्या पिंपावर, दुधावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्रं ठेवली आणि जपाला बसल्या.

गच्चीवर आम्ही दोघंच होतो. नंदकुमारने माझ्या तोंडावर पुठ्ठा लावला, त्याला रुपयाएवढं भोक पाडलं आणि नेत्रिकेमागे पांढरा कागद धरून त्यावर सूर्याचं बिंब पाडलं. सूर्याकडे दुर्बिणीतून थेट कधीही बघायचं नसतं, मित्रांनो. कागदावर सूर्य हळूहळू कमी होत गेला आणि नुसती कोर उरली. कावळे घरी निघाले. नंदकुमार कागदावर पेन्सिलीने खुणा करत होता, आणि मला वाटत होतं की या क्षणी सबंध वाशीत डोळे उघडे असलेली मी एकटीच आहे.

नेमकी तीच अडचण झाली.

ग्रहण सुटल्यावर घरात न्हाणं-धुणं सुरू झालं. नंदकुमारला कपड्यांसकट न्हाणीघरात ढकललं गेलं. पाणी ओतून नवं भरलं. मग तो मला खाली कोपऱ्यात उभं करून रात्रपाळीच्या बसला गेला. घरात उरलो यशोदाबाई आणि मी. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. घरातल्या ज्या भांड्यांनी ग्रहण पाहिलंही नव्हतं ती सगळी धुऊन झाली होती, आणि जिने डोळे फाडून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं ती तशीच.

"सगळं तूच गिळलंस गं," त्या म्हणाल्या. "चल."

त्यांनी मागचे तीन स्क्रू सोडवले. नंदकुमारला सोडवताना त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. मला दोन्ही हातांनी, देवघरातलं ताम्हन उचलावं तशी उचलली आणि मोरीत बसल्या. चिंचेचा कोळ केला. चुलीची राख होती ती चाळून घेतली. हातात नारळाचा काथ्या धरला.

"किती घासायचा तुला तो," त्या माझ्याशी बोलत होत्या. "अकरा महिने घासलं पोराने. आता कंपनीतून वेळच मिळत नाही बिचाऱ्याला. रविवारी एवढ्या बाई यायच्यात, आणि ही अशी डागाळलेली."

चिंचेच्या पहिल्या हातालाच माझी चंदेरी कात सुटली. मोरीतून करडं पाणी वाहू लागलं.

"अगं बाई, केवढा मळ!" यशोदाबाई म्हणाल्या आणि आणखी जोर लावला.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. आलं असतं तरी ओरडले असते का, हे मला आजही सांगता येणार नाही. मला इतक्या मायेने कुणीच कधी हात लावला नव्हता. त्यांनी घामाघूम होऊन मला अर्धा तास घासलं. पदराने कोरडं केलं. परत जागेवर बसवलं, तिन्ही स्क्रू नीट पिळले आणि नळीला बाहेरून कुंकवाचं बोट लावलं.

गुरुवारी संध्याकाळी सरावासाठी नंदकुमारने मला गच्चीवर नेलं. डोळा लावला. बाजूला केला. नेत्रिका पुसली. पुन्हा लावला. मग त्याने मला आडवं केलं आणि आरसा बाहेर काढला. मुलामा गेला होता. उघड्या काचेवर गोल-गोल ओरखडे होते, थाळी घासल्यावर उमटतात तसे.

तेवढ्यात यशोदाबाई चहा घेऊन वर आल्या.

"काढलंस वाटतं? कसा लखलखतोय, सांग. ग्रहणानंतर मी स्वच्छ केला. म्हटलं, बघू तुझ्या लक्षात येतंय का."

नंदकुमारने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईच्या हातांकडे. चिंचेने आणि राखेने तिच्या बोटांची कातडी अजून सोलवटलेली होती.

"छान झालाय," तो म्हणाला.

"बघ! मला वाटलंच."

शुक्रवारी तो कमळाकरच्या स्कूटरवर मागे बसून मला मांडीवर घेऊन मुंबईला गेला. प्रयोगशाळेतल्या माणसाने मला उजेडात धरलं आणि विचारलं, "हे काय, कुत्र्याने चाटलं की काय?" मुलामा चढवायला पंधरा दिवस, पण त्याआधी ओरखडे घासून काढायला हवेत. म्हणजे पुन्हा पिंप, पुन्हा महिनोन्महिने. हातात होते दोन दिवस. दुसरी दुर्बीण कुठे शिल्लक नव्हती.

परत येताना खाडीपुलावर कमळाकरने स्कूटर थांबवली.

"आयला सांग ना नंदूशेठ. आय हाय ती, पोलीस नाय. चुकली त चुकली."

"सांगितलं तर ती परत कधी गच्चीवर येणार नाही, कमळाकर. स्टॉपवॉचला हात लावणार नाही. दुसरं काय आहे तिला?"

"मंग म्याडमला सांग. दुर्बीन मोडली म्हनून."

"त्या घरी येतील. आईसमोर विचारतील, कशी मोडली."

"तुमी शिकलेली मानसा," कमळाकर म्हणाला, "सरल गोष्टीला वाकडी वाट करता." आणि किक मारली.

रविवारी गच्ची भरली होती. यशोदाबाईंनी सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. स्मितावहिनी चिवडा घेऊन आल्या. नंदकुमारने ठरवलं होतं की गप्प बसायचं. आठ बारा होऊन गेले की 'इथून काही दिसलं नाही' म्हणायचं, आणि सोमवारी बाईंना एकांतात खरं सांगायचं. त्याने माझं तोंड त्या ताऱ्याकडे वळवलं. माझ्यात तारा नव्हता. ओल्या चुन्यासारखा उजेड होता, सगळीकडे सारखा.

आठ अकरा. यशोदाबाईंनी दोन्ही हातांत स्टॉपवॉच धरलं होतं. ओठ हलत होते. स्तोत्र चाललं होतं. आठ बारा. गच्चीवर कुणी चिवडासुद्धा चावत नव्हतं. आठ बारा आणि दहा सेकंद.

"नंदू," त्या कुजबुजल्या, "माझं काही चुकलं का रे?"

"गेला!" नंदकुमार ओरडला.

टक्क, बटण वाजलं. आता त्या दगडाला बाहेरही काढणं भाग होतं. अकरा सेकंदांनी तो म्हणाला, "आला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. यशोदाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि सुरेख अक्षरात कागदावर वेळ लिहिली. अर्ध्या तासाने वैजयंतीबाईंची जीप आली. त्या सगळ्या ठिकाणांहून कागद गोळा करत निघाल्या होत्या. नंदकुमार पुढे होईपर्यंत यशोदाबाईंनी स्वतःच्या हाताने तो कागद बाईंना दिला.

"अकरा सेकंद," त्या म्हणाल्या. "अंगठा माझा आहे हो."

"उत्तम," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी बिस्कीट पूर्ण खाल्लं.

बाकीच्या चार ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळले. दगड बटाट्यासारखा लांबट गोल निघाला. फक्त वाशीपाशी त्याला टेंगूळ आलं होतं. वैजयंतीबाईंनी दोन रात्री त्या टेंगळावर घालवल्या. त्यांना वाटलं, काहीतरी नवं सापडलं. तिसऱ्या दिवशी त्यांना नंदकुमारचं पत्र मिळालं: 'वाशीची वेळ रद्द समजावी. आरसा खराब झाला होता. तारा मला दिसलाच नव्हता. दोष सर्वस्वी माझा.'

बाईंचं उत्तर चार ओळींचं होतं. 'वाशीची नोंद वगळली आहे. दुर्बीण बिघडली असं कळवलं असतंत, तर एक जागा रिकामी राहिली असती, इतकंच. न पाहिलेली वेळ तुम्ही दिलीत. शाळांच्या प्रस्तावाबद्दल आता मला कुणाला काही सांगता येणार नाही.'

दहा शाळा. दहा दुर्बिणी. मी मनातल्या मनात त्यांची नावंसुद्धा ठरवली होती.

"काय लिहिलंय रे?" यशोदाबाईंनी विचारलं.

"वेळ बरोबर आली म्हणतात."

त्यांनी शिरा केला. वाटी घेऊन त्या मजलोमजली गेल्या. नंदकुमारने ते पत्र माझ्या नळीत सरकवलं. तिथे आई शोधणार नाही याची त्याला खात्री होती, कारण आईने स्वच्छता आधीच करून टाकली होती.

त्याला मला तेव्हाच नीट करता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण पिंप काढलं असतं तर आईने विचारलं असतं, मी घासलेलं पुरे नाही का पडलं? म्हणून त्याने दुसरा मार्ग काढला. संध्याकाळी चंद्र असला की तो मला गच्चीवर नेत राहिला. यशोदाबाई चटईवर बसत राहिल्या. तो डोळा लावून थोडा वेळ थांबायचा आणि मग ओरडायचा, "गेला!" त्या बटण दाबायच्या, वहीत वेळ लिहायच्या. महिन्याअखेर तो पाकीट घेऊन टपालपेटीपर्यंत जायचा आणि खिशात तसंच परत आणायचा. असं पाच वर्षं चाललं. आम्ही तिघांनी मिळून त्या पाच वर्षांत जवळजवळ तीनशे तारे बुडवले. खगोलशास्त्रासाठी आमच्याइतके कष्ट कुणीच उपसले नसतील, आणि त्याला आमचा इतका कमी उपयोगही कुणाचाच झाला नसेल.

तोवर वाशीचे सगळे दिवे लागले होते. घाऊक बाजार आला, ट्रक आले. यशोदाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि अंगठा थरथरू लागला. शहाऐंशीच्या जानेवारीत हॅलेचा धूमकेतू आला. रेडिओवर, पेपरात, सगळीकडे तोच. यशोदाबाईंना तो बघायचाच होता.

"एवढं काम केलं आपण," त्या म्हणाल्या. "मला आता एकदा स्वतःला बघू दे."

नंदकुमारने आणि कमळाकरने त्यांना खुर्चीसकट गच्चीवर आणलं. धूमकेतू पश्चिमेला होता, पण इतका अंधुक की चांगल्या आरशातही शोधावा लागला असता. नंदकुमारने माझं तोंड तिकडे वळवलं. काही नव्हतं. मग त्याने कमळाकरकडे पाहिलं. कमळाकरने हळूच मला कोपराने खाली ढकललं, आणि माझ्यात खाडीपुलावरचा एक दिवा आला. घासलेल्या काचेत तो फुटला, पसरला, आणि त्याला ही लांब शेपटी आली. खराब आरशात कुठलाही दिवा धूमकेतूच होतो, मित्रांनो.

यशोदाबाईंनी डोळा लावला. मग त्यांनी हात जोडले.

"केवढा मोठा रे," त्या म्हणाल्या. "नंदू, तुला जसं दिसतं तसंच मला दिसतंय ना?"

"हो आई," नंदकुमार म्हणाला. "अगदी तसंच."

सहा वर्षांत माझ्याबद्दल तो आईशी खरं बोलला, ते एवढंच वाक्य. कमळाकर तोंड फिरवून कठड्याशी जाऊन उभा राहिला.

एप्रिलमध्ये यशोदाबाई गेल्या. झोपेतच.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, आणि एका रविवारी सकाळी नंदकुमारने पिंप बाहेर काढलं. आता विचारणारं कुणी नव्हतं. कार्बोरंडमची नवी पुडी, पाण्याचा तांब्या, सगळी तयारी केली. जाड काच पुन्हा घासता येते. थोडे महिने लागले असते, पण मला पुन्हा दिसू लागलं असतं. मी वाट बघत होते, हे कबूल करते. त्याने तीन स्क्रू काढले, मला बाहेर घेतलं आणि पावडर टाकण्याआधी खिडकीशी उजेडात धरलं.

ओरखडे उजेडात उठून दिसले. गोल, एकात एक, डावीकडून सुरू होऊन उजवीकडे दाबले गेलेले. काठाजवळ चार बोटं टेकवून जोर लावल्याची जागाही कळत होती. नंदकुमारने आपली बोटं तिथे ठेवली. त्याची बोटं मोठी होती, ती बसली नाहीत. तो तसाच उभा राहिला. बाहेर कुणाचा तरी कुकर तीनदा वाजला आणि थांबला.

मग त्याने पुडीचं तोंड बांधलं. मला जागेवर बसवलं, स्क्रू पिळले आणि माळ्यावर ठेवलं. त्याला आता बरंच काही जमत नाही, त्यातलं हेही.

तेव्हापासून मी इथे आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. नंदकुमारने आईला चंद्राची चाल सांगितली, ताऱ्यांची अंतरं सांगितली. आरशाला हात लावायचा नसतो, एवढं सांगायचं राहून गेलं. तुम्ही तसं करू नका. घरात कुठलीही नाजूक वस्तू आणली, तर ती कशी पुसायची ते सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगा. आणि चूक झाली, तर तीही त्याच दिवशी सांगा. एका दिवसाचं रडू असतं ते. सहा वर्षं पुरवून पुरवून वापरायचं नसतं.

आणि मित्रांनो, दुर्बीण करा. सहा इंचीच करा. काम संपलेलं नाही. मोठ्या दुर्बिणी आणखी मोठ्या होतील, त्यांच्यापुढच्या रांगा आणखी लांबतील, आणि रोज संध्याकाळी एकाच ताऱ्याकडे बघत बसायला तुमच्यासारखं कुणीतरी लागणारच आहे. नंदकुमारचं पिंप मागा, तो देईल. कसं घासायचं ते शिकवेलसुद्धा, फक्त दोनदा विचारावं लागेल. दारूखान्यात अजून जहाजं मोडतात. नव्या काचा आणा, हव्या तेवढ्या घासा.

या माळ्यावरची एक तेवढी काच, कृपा करून, कुणी घासू नका.